वय ३४, दोन मुलं, बारावी कला: जीएनएम नर्सिंगला प्रवेश घेऊ का?

द्राक्षवेल (जून, पहिला आठवडा)

नमस्कार. इथलं बरीच वर्षं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. मोठं होईल, सांभाळून घ्या.

तासगावजवळच्या गावात राहते. या जुलैत ३४ पूर्ण होतील. बारावी कला शाखेतून केली, ५८ टक्के. विसाव्या वर्षी लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. मुलगी चौथीत आहे, मुलगा मोठ्या गटात. दीड एकर द्राक्षबाग आहे, ती हे बघतात. घरी सासूबाई आहेत.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढची दोन वर्षं त्यांचं सगळं मी केलं. नाकातून नळी होती. दवाखान्यातून सोडताना तिथल्या सिस्टरांनी मला नळीतून जेवण कसं द्यायचं ते दाखवलं. आधी सिरिंजनं ओढून नळी पोटातच आहे ना बघायचं, डोक्याकडची बाजू वर करायची, पेज हळूहळू सोडायची, शेवटी पाणी घालून नळी धुवायची आणि अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. महिन्याभरात डोळे मिटूनही केलं असतं. कमरेखाली जखम झाली होती तीही भरून आणली. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गजर लावून उठायचे. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "ताई, तुम्ही हे शिकायलाच हवं होतं."

सासरे गेले गेल्या दिवाळीत. त्या सिस्टरांचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. मिरज आमच्यापासून फार लांब नाही. सगळा जिल्हा उपचाराला तिकडेच जातो, नर्सिंगच्या शाळाही तिकडे आहेत. ह्यांना विचारलं तर म्हणाले, चौकशी तर कर.

माझे प्रश्न:
या वयात प्रवेश मिळतो का? कला शाखा चालते का? इंग्रजी माध्यम झेपेल का? आणि लहान मुलं घरी ठेवून हे खरंच कुणी केलंय का? जे असेल ते स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

मेट्रन_मावशी

द्राक्षवेल, बाळ, स्पष्टच सांगते. मी जिल्हा रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले आणि शेवटची काही वर्षं ट्यूटर म्हणून शिकवलं. तुझ्यासारख्या पंधरा-वीस मुली माझ्या हाताखालून गेल्या. मुलीच म्हणते, कुणाला दोन लेकरं होती, कुणाला तीन.

वयाचं आधी. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, त्याला प्रवेशाची वरची मर्यादा ३५ आहे. म्हणजे तुझ्याकडे हे वर्ष आहे. "मुलगा पहिलीत गेला की बघू" म्हणालीस तर दार बंद होईल. शाखा कोणतीही चालते. बारावीला इंग्रजी हवं आणि किमान ४० टक्के हवेत, ते तुझ्याकडे आहेत. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं आणि सीईटी द्यावी लागते, त्यामुळे ती वाट तुला थेट उघडी नाही. जीएनएम तीन वर्षांचं. ते झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, तेव्हा आत्ता त्याचं दुःख करू नकोस.

एएनएमही आहे, दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. त्यातून आरोग्यसेविका होता येतं, उपकेंद्रावर काम असतं, गावातल्या गावात. तेही चांगलं काम आहे. पण तू जे वर्णन केलंस, नळी, जखम, कूस बदलणं, ते वॉर्डातलं काम आहे. तुझा जीव तिथं रमेल असं मला वाटतं.

आता कुणी सांगत नाही ते ऐक. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकाला, म्हणजे वॉर्डाच्या ड्यूटीला, डिप्लोमा हातात पडण्याआधी १०० टक्के पूर्ण करावी लागते. मूल आजारी पडलं म्हणून चार दिवस राहिलीस तर ते चार दिवस नंतर भरून द्यायचे. सुट्टीत द्यायचे. यातून कुणाची सुटका नाही आणि नसावीही, कारण पुढं तुझ्या हातात माणूस असणार आहे.

आणि प्रवेश घेण्याआधी विचार: होस्टेलवर राहणं सक्तीचं आहे का? पुष्कळ शाळांत आहे, सरकारी शाळांत तर हमखास. घरून ये-जा करायला परवानगी देतात का ते लेखी घे. तोंडी शब्दावर फी भरू नकोस.

पांढरे_शूज

मावशींना अनुमोदन. मी ३१व्या वर्षी जीएनएमला गेले, मुलगा तेव्हा साडेतीनचा. आता एका खाजगी रुग्णालयात आयसीयूला आहे.

कागदपत्रांवर लिहिते, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस तिथं गेले. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगनं. विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. काही ठिकाणी नावातल्या बदलासाठी राजपत्रही मागतात, ते व्हायला वेळ जातो. आजच अर्ज करा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: इतकी वर्षं शिक्षण का थांबलं होतं आणि या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता. अधिवास दाखला लागतो.

तुम्ही ओबीसीत असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. जातीचा दाखला वडिलांकडूनच येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण नॉन-क्रिमीलेअरलाही आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. मला तहसीलला दोन चकरा नवऱ्याचे उत्पन्नाचे कागद घेऊन मारायला लावल्या. तिसऱ्या वेळी एका जुन्या अव्वल कारकुनांनी नियम काढून दाखवला.

द्राक्षवेल

मावशी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. दोन-तीन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांचं तू केलंस ते मी बघितलंय. जा शिकायला. पोरं काय माझ्याजवळ उपाशी ऱ्हात न्हाईत."

आम्ही ओबीसीतच आहोत. पांढरे_शूज ताई, नॉन-क्रिमीलेअरचं मला अजिबात माहीत नव्हतं. भावाला फोन केलाय, बाबांचे कागद काढायला सांगितलेत.

घरचा_माणूस

मी नर्स नाही. माझी बायको आता जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. द्राक्षवेल ताईंच्या मालकांसाठी लिहितो, त्यांना वाचायला द्या.

दादा, "चौकशी तर कर" म्हणालात ते चांगलं केलंत. मीही तसंच म्हणालो होतो. माझी समजूत अशी होती की ती कॉलेजला जाईल आणि बाकी घर पूर्वीसारखं चालेल, मी जरा हातभार लावीन. पहिल्या महिन्यातच ते कोसळलं. ती पहाटे साडेचारला उठून दोन वेळचा स्वयंपाक करून जायची, संध्याकाळी सातला येऊन धुणं, मग मुलांचा अभ्यास, मग रात्री अकरा ते एक स्वतःचा. एकदा पोळी लाटता लाटता ओट्यावर डोकं टेकून झोपली. तवा जळत होता. मी गॅस बंद केला आणि तिथंच ठरवलं.

"मला सांग, मी करतो" हे बोलणं मी बंद केलं. सांगण्याचंही काम तिच्याच डोक्यावर राहतं. सकाळचा डबा, मुलांची शाळा, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप, डॉक्टर, लसीकरण, हे पाच विषय मी पूर्ण माझ्याकडे घेतले. चुकले तर माझे चुकले. सुरुवातीला भात चिकट व्हायचा, मुलीच्या वेण्या सुटायच्या. तिनं त्यावर एक शब्द काढला नाही आणि तो तिचा मोठेपणा. आमच्या भावकीतले लोक बोलले. आता कुणाला सलाईन लावायचं असलं की तेच लोक आमच्या दारात येतात.

तुमची बाग आहे म्हणता. ऑक्टोबरची छाटणी आणि ताईंच्या पहिल्या वर्षाची सुरुवात एकाच वेळी येईल. त्याचं गणित आत्ताच बसून मांडा.

रातपाळी

मी पुरुष आहे, आधी वॉर्डबॉय होतो, २९व्या वर्षी जीएनएम केलं. बायको-मुलगी गावी, मी शहरात. इंग्रजीबद्दल लिहितो, कारण मराठी माध्यमाच्या मुलांना तीच भीती खाते.

पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. पहिले दोन महिने अॅनाटॉमीच्या तासाला नुसता बसून होतो. मग वही दोन भागांत केली. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी. फीमर म्हणजे मांडीचं हाड, स्प्लीन म्हणजे प्लीहा, किडनीला वृक्क. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे सगळं आपण शिकलेलो असतो, ते नुसतं जागं करायचं असतं. मग शब्दांचे तुकडे पाठ केले. शेवटी 'आयटिस' आलं की दाह: हिपॅटायटिस यकृताचा, नेफ्रायटिस वृक्काचा, गॅस्ट्रायटिस जठराचा. 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद. असे शंभरेक तुकडे झाले की अनोळखी शब्दही अर्धा कळतो.

हायपो म्हणजे कमी आणि हायपर म्हणजे जास्त, हे दोन मात्र कायम लाल शाईनं लिहा. कानाला सारखे लागतात, पेशंटच्या दृष्टीनं पूर्ण उलटे आहेत. आजही पाळी बदलताना हँडओव्हर देताना मी ते शब्द तोडून उच्चारतो आणि सोबत आकडा सांगतो.

ताई, तुम्हाला अठरा वर्षांच्या मुलींसोबत बसावं लागेल. त्या पाठांतरात पुढे जातील. बेडजवळ तुम्ही पुढे असाल. माझ्या बॅचला पहिल्यांदा बेडपॅन द्यायची वेळ आली तेव्हा निम्मी मुलं बाहेर गेली होती. माझ्यासाठी ते रोजचं काम होतं. तुमच्यासाठीही तसंच असेल.

अबोली

सगळे धीर देत आहेत, पण माझा अनुभवही इथं असायला हवा. मी दुसऱ्या वर्षी सोडलं.

खाजगी कॉलेज होतं. नाव घेत नाही. प्रवेशाच्या वेळी मुलाला दम्याचा त्रास होता, "बघू" म्हणून पुढं गेले. थंडीत तो दर पंधरा दिवसांनी आजारी पडायचा. नवरा फिरतीच्या नोकरीत, सासर-माहेर दोन्ही लांब. वॉर्डाचे दिवस बुडत गेले आणि बाकी वाढत गेली. वर्षाअखेर ४७ दिवस भरायचे होते. ते भरायला सुट्टी पुरली नाही. फीचा दुसरा हप्ता थकला. कॉलेजनं मूळ कागदपत्रं स्वतःकडे ठेवली होती, ती परत मिळवायला सात महिने लागले.

मी आळशी नव्हते. पहिल्या वर्षी वर्गात तिसरी आले होते. माझ्या घरात दुसरं माणूस नव्हतं, एवढंच. द्राक्षवेल, तुझ्याकडे सासूबाई आहेत. पण त्यांचं वय काय? त्या आजारी पडल्या तर कोण? तो दुसरा माणूस ठरव आणि मगच फी भर. मूळ कागद देताना पोच घे, सगळ्याच्या साक्षांकित प्रती घरी ठेव.

मेट्रन_मावशी

अबोली, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. आम्ही ट्यूटर लोक अशा मुलींना "सातत्य नाही" असा शेरा मारायचो. मीही मारलाय. त्याची मला आज लाज वाटते. तू एएनएमच्या वयात अजून बसत असशील तर मला निरोप पाठव, आपण बोलू.

आणखी एक सांगायचं राहिलं. सहा महिन्यांचा, वर्षाचा "नर्सिंग कोर्स", "शंभर टक्के नोकरी" अशा पाट्या तालुक्याच्या गावात दिसतात. पांढरा कोट, टोपी, फोटो, सगळं मिळतं. नोंदणी मिळत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येत नसेल तर तो कागद नर्सचा नाही. संस्थेला परिषदेची मान्यता आहे का आणि ती या वर्षासाठी आहे का, ते स्वतः बघायचं. संस्था कुठल्या रुग्णालयात विद्यार्थी पाठवते ते बघायचं आणि एखाद्या दुपारी त्या रुग्णालयात जाऊन खाटांवर पेशंट आहेत का तेही बघायचं. रिकाम्या वॉर्डात काय शिकणार?

दूरदेशी

मी न्यू जर्सीत, मूळची कोल्हापूरची. ३८व्या वर्षी इथल्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला गेले, तेव्हा मुलं ११ आणि ७ वर्षांची. इथं वरच्या वयाची अट नाही, माझ्या वर्गात ५२ वर्षांची एक आजी होती. आधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी हे विषय वेगळे पास करावे लागले, मग दोन वर्षांची असोसिएट डिग्री आणि शेवटी नर्सच्या परवान्याची एनक्लेक्स-आरएन परीक्षा. आईनं तीन महिने येऊन घर सांभाळलं, व्हिसा संपल्यावर परत गेली आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. शेजारच्या गुजराती काकूंनी मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडलं, दोन वर्षं, एक पैसा घेतला नाही.

अबोलीनं विचारलंय तो दुसरा माणूस माझ्यासाठी त्या काकू होत्या. नात्यातलाच असला पाहिजे असं नाही.

मेट्रन_मावशी

या धाग्यावर "या वयात कुठं" असं कुणी म्हणालं नाही याचा आनंद आहे. आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवा होत्या, संसाराचं ओझं घेऊन आलेल्या होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, हे त्या काळात घरंदाज बाईनं करायचं कामच नव्हतं. तरी त्या गेल्या. वॉर्डात पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या. मी विद्यार्थी असताना आमच्या जुन्या मेट्रन आम्हाला हे सांगायच्या आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

द्राक्षवेल (नोव्हेंबर)

खूप दिवसांनी येते आहे. प्रवेश झाला. घरून ये-जा करायची परवानगी मिळाली, लेखी. अबोली ताई, तुमच्यामुळे पोच घेतली. कारकून जरा कुरकुरले, पण दिली.

दुसरा माणूस ठरला: माझी जाऊ. शेजारच्याच वाड्यात राहते. तिच्याशी समोर बसून बोलले, "मदत लागली तर सांगते" असं मोघम ठेवलं नाही. सासूबाईंना बरं नसेल त्या दिवशी मुलं तिच्याकडे. बदल्यात तिच्या मुलीचा इंग्रजीचा अभ्यास रविवारी मी घेते. सकाळचा डबा हे करतात. घरचा_माणूस दादांचा प्रतिसाद ह्यांनी तीनदा वाचला.

छाटणी आणि कॉलेज एकदमच आलं. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की पुढचे दिवस बागेला माणूस लागतोच: पेस्ट लावणं, फेल काढणं, फवारणी. एरवी मी बरोबरीनं असायचे. या वर्षी दोन बायका रोजावर लावल्या. फीसारखाच तोही घरचा खर्च आहे, तो आम्ही आधी धरला नव्हता. जे कुणी शेतीवाले असतील त्यांनी धरावा.

पहिला महिना बेड मेकिंग. आमच्या ट्यूटर मॅडमनी चादर अंथरली, कोपरा घडी घालून गादीखाली घेतला आणि हात फिरवून म्हणाल्या, "एक सुरकुती राहिली तर पेशंटच्या पाठीला तीच टोचते, तिथूनच जखमेची सुरुवात होते." वर्गातल्या मुली लिहून घेत होत्या. मला सासऱ्यांची गादी दिसली. त्या जखमेआधी मी चादर ओढून घ्यायचे, पण तळहात फिरवून कधी बघितलं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा रडू आलं.

सलाईनच्या थेंबांचं गणित मला येत नव्हतं. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेटमधून एका मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? मी सूत्र पाठ करत बसले होते. हे जेवता जेवता म्हणाले, "अगं हे ठिबकाचं गणित. एका झाडाला दोन ड्रीपर, ताशी चार-चार लिटरचे, तीन तास पाणी सोडलं तर चोवीस लिटर. तू उलटीकडून चाललीयस एवढंच." मग मांडलं. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. भागिले तर २१च्या जवळपास. दुसऱ्या दिवशी वॉर्डात घड्याळ लावून मोजले, २१ पडत होते. त्या दिवसापासून गणिताची भीती गेली.

हिपॅटायटिस बी च्या लसीचे दोन डोस झाले, तिसरा सहाव्या महिन्यात. नवीन येणाऱ्यांनी हे प्रवेशाबरोबरच सुरू करा, वॉर्डात सुई टोचू शकते.

पांढरे_शूज

ठिबकाचं उदाहरण आमच्या ज्युनियर मुलींना सांगणार आहे. आमच्याकडे निम्म्या मुली शेतकऱ्यांच्याच आहेत.

कृष्णाकाठ

धागा शांतपणे वाचत होतो. बहिणीचा विचार चालू आहे, म्हणून विचारतो. एवढं करून पगार किती मिळतो? आणि वयामुळे सरकारी नोकरी मिळेल का?

मेट्रन_मावशी

योग्य प्रश्न आहे, लाजू नये. सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन सातव्या आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं, वर भत्ते. सरकारी भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. आता बोटं मोड. ३४व्या वर्षी प्रवेश घेतला तर ३७ला नोंदणी होईल. खुल्या प्रवर्गातल्या बाईला जेमतेम एखादी भरती मिळेल. द्राक्षवेलला ४३ पर्यंत वेळ आहे. म्हणून म्हणते, वयाच्या बाबतीत आजचा दिवस उद्यावर टाकू नका.

खाजगीचं चित्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ साली सांगितलं की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही नर्सला महिन्याला २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० खाटांवरच्या रुग्णालयांनी सरकारी नर्सइतकं द्यावं.

पांढरे_शूज

कागदावर तसं आहे. मला पहिल्या नोकरीत महिन्याला ११ हजार मिळत होते, ५० खाटांच्या आतलं रुग्णालय, आणि बारा तासांची पाळी. वर्षभर काढलं, आयसीयूचा अनुभव घेतला आणि मोठ्या ठिकाणी गेले तेव्हा बरा पगार सुरू झाला. बहिणीला सांगा, पहिलं वर्ष घर तिच्या पगारावर अवलंबून ठेवू नका. हे अन्याय्य आहे. मुलाखतीत २०१६च्या त्या शिफारशीचा उल्लेख आपण प्रत्येकीनं करायला हवा, मी आता करते.

द्राक्षवेल (पुढच्या वर्षीचा ऑगस्ट)

पहिलं वर्ष पास झाले. ६४ टक्के. अॅनाटॉमीला कमी पडले, फंडामेंटल्सला वर्गात पहिली. रातपाळी दादा, तुमची दोन भागांची वही आता आमच्या वर्गात अकरा जणी वापरतात.

मधे एक वाईट काळ येऊन गेला तोही लिहिते. जानेवारीत मुलाला ताप आला, डेंग्यू निघाला, चार दिवस दवाखान्यात. माझी मेडिकल वॉर्डाची ड्यूटी चालू होती. पहिले दोन दिवस मी राहिले, नंतर जाऊ आणि हे आळीपाळीनं. तिसऱ्या दिवशी मी परक्या पेशंटांचे ताप लिहीत होते आणि माझ्या लेकाचा ताप किती आहे ते मला फोनवर कळत होतं. त्या दिवशी एसटीत ठरवलं होतं की सोडून द्यायचं. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "त्याचा ताप उतरलाय. तू जेव आणि उद्याचं काय हाय ते वाच." दोन दिवस नंतर भरून दिले. मुलगा ठणठणीत आहे.

आणि गेल्या महिन्यातली गोष्ट. वॉर्डात एक आजोबा होते, अर्धांगवायूचेच, नाकातून नळी. सून उशाशी बसलेली, माझ्याहून लहान. डिस्चार्ज होता. स्टाफ सिस्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकल्या होत्या, मला म्हणाल्या, "हिला फीड शिकव, मी येऊन बघते." मी सिरिंज तिच्या हातात दिली. तिचा हात कापत होता. मी म्हटलं, आधी ओढून बघ. डोकं वर घे. हळू सोड. पाण्यानं धू. अर्धा तास आडवं करू नकोस. मग तळहात चादरीवरून फिरवायला लावला आणि कुठं सुरकुती लागते का विचारलं. तिला एक लागली. ती तिनं स्वतः ओढून काढली. दर दोन तासांनी कूस बदलायची, ते कागदावर मराठीत लिहून दिलं. रात्रीच्या वेळा लिहिताना तिला विचारलं, रात्री दुसरं कोण उठेल? ती नवऱ्याकडे बघायला लागली. मी तो कागद त्याच्या हातात दिला.

कृष्णाकाठ

ताई, बहिणीचा प्रवेश या वर्षी करतोय. तिचं वय ३२. गॅपच्या प्रतिज्ञापत्रासाठी वकील लागतो का?

द्राक्षवेल

वेगळा वकील गाठायची गरज नाही. तहसील कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे बसतात, त्यांच्याकडे मजकूर तयार असतो. फक्त बारावीचं वर्ष, शाळेचं नाव आणि दोन्ही नावं, माहेरचं आणि सासरचं, स्वतः वाचून तपासायला सांगा. माझ्यात वर्ष चुकलं होतं, परत करावं लागलं. जाताना विवाहाचा दाखला आणि आधारची मूळ प्रत न्या. आणि होस्टेलचं विचारायला विसरू नका.

उद्यापासून प्रसूती वॉर्ड, सकाळची ड्यूटी. पावणेसहाची एसटी आहे. बहिणीला काही विचारायचं असलं तर इथंच लिहायला सांगा, रविवारी बघते.